माझं कोर्ट आणि इंगळे सरांची पोरं

चि. ईशान आणि चि. मीरा,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ईशानने मला स्क्वॉश हा खेळ समजावून सांगितला. "आजी, चार भिंतींच्या खोलीत खेळतात. दोघंही एकाच भिंतीवर मारतात. तू कधी बघितला नसशील." अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तुमची आई मागे भांडी आवरण्याचं निमित्त करून उभी होती आणि ओठ दाबून हसत होती.

ईशान, आमच्या कॉलेजात स्क्वॉशचं कोर्ट मी बांधून घेतलं. त्याची किल्ली निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझ्या पर्समध्ये होती. आणि आमच्या विद्यापीठाच्या मुलांच्या संघाने देशभरातल्या विद्यापीठांशी खेळून पदकं आणली, तेव्हा त्या संघाची व्यवस्थापक मी होते. हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेलं नाही. तिच्या मते ती गोष्ट माझी नाहीच. म्हणून मीच सांगते.

या दिवाळी अंकाच्या संपादिकांनी नोकरीतले अनुभव लिहून मागितले होते. ठरवलं, तुम्हालाच लिहावं आणि तेच छापायला द्यावं. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिच्याविषयीही थोडा मजकूर आहे. तो तिने गाळला तर मला कळवा.

आधी माझं काम काय होतं ते. अमरावतीला राजापेठेतल्या घरातून मी सकाळी सायकलने, पुढे स्कूटरने कॉलेजला जायची. साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पदाचं नाव शारीरिक शिक्षण संचालक. लोकांना वाटतं, या बाईंनी शिट्टी फुंकायची आणि सव्वीस जानेवारीला संचलन बसवायचं. खरं काम निराळं. कोणता खेळाडू नापास झाल्यामुळे अपात्र ठरतो ते आधी शोधायचं. रेल्वेची सवलत मिळवायची. कुणाच्या वडिलांना 'स्पर्धेत मुलगा बिघडत नाही' हे पटवायचं. मैदानावर पाणी मारून घ्यायचं आणि ते मारणाऱ्या माणसाची मर्जी सांभाळायची. एक आई दरवर्षी मुलाचा प्रवेश घ्यायला यायची आणि विचारायची, "मॅडम, यंदा कोन्त्या खेळाचे मार्क जास्त हायेत? तोच देजा त्याले." भाजी घ्यावी तसा खेळ घ्यायची. मी तिला कॅरम दिला.

मला स्वतःला स्क्वॉश कसा माहीत? तुमचे पणजोबा कामठीच्या छावणीत हिशेबखात्यात होते. तिथे अधिकाऱ्यांसाठी एक जुनं कोर्ट होतं. दुपारी ते रिकामं असायचं आणि इंग्रजी शाळेतून आलेल्या मला कुणी हाकलत नसे. तिथल्या एका म्हाताऱ्या कर्नलांनी मला खेळ शिकवला. पुढे वडील निवृत्त होऊन अकोल्याला जठारपेठेत घर बांधून राहिले, मी लग्न होऊन अमरावतीला आले, आणि अख्ख्या वऱ्हाडात माझ्याशी स्क्वॉशबद्दल बोलेल असा माणूस उरला नाही.

म्हणून मी कोर्टाच्या मागे लागले. अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. शेवटी व्यायामशाळेच्या अनुदानातून काही शिल्लक राहिलं आणि तिच्या पाठीमागे कोर्ट उभं राहिलं. भिंती आरशासारख्या गुळगुळीत पाहिजेत म्हणून मी गवंड्याला इतकं छळलं, की काम संपल्यावर तो म्हणाला, "बाई, आता इथं देव बसवा." दारावर मी नियम लावले: काळ्या तळव्याचे बूट बाहेर काढावेत, रॅकेट भिंतीला टेकवू नये, आत मोठ्याने बोलू नये. इतिहासाचे एक प्राध्यापक डोकावून म्हणाले, "मॅडम, मधली जाळी चोरीला गेली का?" प्राचार्य बराच वेळ आत उभे राहिले, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उत्तम. उंदीर शिरायला जागा नाही." मला ती शाबासकी वाटली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायला त्यांना तशीच खोली हवी होती, हे मला पुढे कळलं.

आता इंगळे सर.

ते अकोल्याच्या एका कॉलेजात माझ्याच पदावर होते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या बैठकीला अमरावतीला आले आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या कोर्टाच्या दारात उभे राहिले. कबड्डीचे जुने खेळाडू, रुंद छाती, त्याहून रुंद मिशी, आणि अत्तर असं की कोर्टाला दोन दिवस वास राहिला.

"मॅडम, हे काय बांधलं तुमी? खिडकी नाई, जाळी नाई. पोट्टे कोंडून ठेवता का?"

मला विचारणारं कुणीतरी भेटलं, या आनंदात मी सगळं सांगितलं. हा एवढासा काळा रबरी बॉल, थंड असताना मेल्यासारखा पडतो, मारून मारून गरम झाला की जागा होतो. दोघं खेळाडू शेजारी शेजारी उभे राहून समोरच्या भिंतीवर मारतात. समोर खाली ही पत्र्याची पट्टी. तिला लागला की आवाज होतो आणि गुण जातो. एक टप्पा चालतो, दोन नाही. जो मधोमध उभा राहील त्याचं राज्य. आणि खरी कला मागच्या भिंतीशी आहे: बॉल मागे जाऊ द्यायचा, भिंतीवर आपटून परत येऊ द्यायचा, तोवर शांतपणे जागा घ्यायची आणि मग मारायचा.

"म्हंजे भिंतीसंग कुस्ती हे," इंगळे सर म्हणाले.

"कुस्ती नाही, सर. बुद्धिबळ म्हणा."

"बरं, बुद्धिबळ. एखांदी जुनी रॅकेट द्या ना मॅडम."

मी दिली. बॉलही दिले. माझ्याच हाताने दिले, हे मला अजून आठवतं.

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या मुलांचा संघ निवडायच्या चाचण्या माझ्या कोर्टावर झाल्या. माझी चार मुलं तयार होती. त्यांत अक्षय देशमुख हा माझा सगळ्यात आवडता. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा खेळायचा. मागच्या भिंतीवरून आलेला बॉल तो असा उचलायचा, की मला कामठीचे कर्नल आठवायचे.

अकोल्याहून जीपमधून इंगळे सर आणि त्यांची पोरं उतरली. बुटांचे तळवे घासून पांढरे केलेले, रॅकेटच्या मुठींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पहिला सामना अक्षय आणि सुमेध तायडे नावाच्या एका काटकुळ्या मुलाचा. सुमेध मधोमध जाऊन उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. अक्षयने बॉल उंच मागे टाकावा, बॉल डोक्यावरून जाऊ लागावा, आणि या पोराने एक पाऊल धाडकन पुढे टाकून तो हवेतच उडवावा. टप्पा पडूच द्यायचा नाही. अक्षय मागच्या भिंतीशी जाऊन वाट बघत बसला, आणि बॉल त्याच्याकडे आलाच नाही.

तुमची आई तेव्हा कॉलेजात होती, वर गॅलरीत बसली होती. मी तिला म्हटलं, "अनघा, हा खेळ नाही. ही मारामारी आहे."

ती म्हणाली, "आई, यांचा खेळ बघताना मजा येते. तुझ्या मुलांचा बघताना अभ्यास राहिल्यासारखं वाटतं."

पाच जणांच्या संघात चार पोरं अकोल्याची निघाली. माझा एकटा अक्षय. विद्यापीठाने इंगळे सरांना प्रशिक्षक नेमलं आणि मला व्यवस्थापक, म्हणजे तिकिटं, जेवण आणि औषधांची पेटी. कोर्ट माझं, खेळ माझा, आणि संघ त्यांचा. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, वऱ्हाडात खेळ पसरावा म्हणूनच कोर्ट बांधलंस ना?" पसरावा, हो. पण माझ्या हातून पसरावा.

ही पोरं तयार झाली कशी, हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. जठारपेठेत भावाकडे जायचं निमित्त करून मी अकोल्याला गेले. भावाने दारातच विचारलं, "काय ताई, माहेरच्यांनी सासरच्यांना धुतलं म्हणे?" चहा न घेताच मी पुढे निघाले.

गावाबाहेर एका जिनिंगचं गोदाम होतं. कापसाचा हंगाम संपला की ते रिकामं पडायचं. इंगळे सरांनी समोरची भिंत गिलावा करून घेतली होती. गेरूने रेघा ओढल्या होत्या. खालची पट्टी म्हणजे तेलाचे डबे कापून ठोकलेला पत्रा. त्याला बॉल लागला की अख्ख्या गोदामात घंटा वाजे. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. आणि मागे काहीच नाही. मागे उघडं शटर, शटरबाहेर आवार, आणि आवारात राखणदाराची म्हैस.

"मागची भिंत कुठे आहे, सर?"

"भिंत कायची मॅडम, म्हैस हे ना."

मग मी अर्धा तास बघत राहिले आणि मला सगळं समजलं. बॉल मागे सुटला की थेट म्हशीपाशी जायचा, कधी शेणात, कधी गव्हाणीत. ज्याने सोडला त्यानेच जाऊन आणायचा, हा त्यांचा कायदा. म्हैस लाथाळ होती. सुमेधच्या नडगीवर वळ होता, तो त्याने मला कौतुकाने दाखवला. त्यामुळे ही मुलं जीव गेला तरी बॉल मागे जाऊ देत नसत. कबड्डीत चढाईला टाकतात तसं पाऊल टाकून हवेतच मारत. इंगळे सरांनी त्यांना स्क्वॉश शिकवलाच नव्हता. म्हशीने शिकवला होता.

आणि मी? मी इंग्रजी पुस्तकं वाचून, आकृत्या काढून, नियम दारावर लावून शिकवत होते. माझ्याकडे म्हैस नव्हती. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या म्हशीला शिव्या देत होते.

त्याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, परीक्षा विभागाला जागा नाही. त्या खोलीत चार मुलं खेळतात, असं मी किती दिवस सांगू? या स्पर्धेत पदक आलं तर मला व्यवस्थापनाला तोंड दाखवता येईल. नाहीतर उन्हाळ्यात खोली त्यांच्या ताब्यात."

म्हणजे माझं कोर्ट वाचवणं आता त्या मिशीवाल्याच्या पोरांच्या हातात होतं.

स्पर्धेआधी संघाचं शिबिर माझ्या कॉलेजात झालं. मी वेळापत्रक आखलं. सकाळी धावणं, मग केळी, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, मग कोर्ट. तिसऱ्या दिवशी व्यायामशाळेमागे धूर दिसला म्हणून धावत गेले, तर इंगळे सर बाह्या सरसावून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजत होते. शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती आणि पोरं तुपाची वाटी घेऊन रांगेत. माझा अक्षयही.

"या मॅडम, बसा. गरम हे."

"सर, सामन्याच्या सरावात तूप?"

"मॅडम, अंड्यानं पोट भरते, मन नाई भरत."

अक्षयने माझ्याकडे बघितलं नाही. दुसरा रोडगा घेतला.

मी ठरवलं, जेवण त्यांचं तर खेळ माझा. कोर्ट माझं होतं, दुपारचा सराव मी घेणार होते. मी अकोल्याच्या पोरांना मागची भिंत शिकवायला लागले. "सुमेध, बॉल जाऊ दे. थांब. भिंतीवरून येईल. आता मार." आज्ञाधारक मुलं. "हो मॅडम" म्हणून थांबायची. मी शिकवत होते ते चूक नव्हतं, हे आजही सांगते. चांगल्या खेळाडूला मागची भिंत यायलाच हवी. पण सवयीने पुढे जाणारा पाय मधेच थबकायचा. ना हवेत मारणं, ना भिंतीवरून. शिबिर संपता संपता नागपूरचा एक क्लब सरावाच्या सामन्याला आला आणि आमच्या पोरांना सपाटून हरवून गेला. सुमेध कोर्टाबाहेर येऊन बूट सोडत बसला. बराच वेळ लेस सुटत नव्हती, आणि लेसला गाठ नव्हती.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात होती. गाडी नागपूरहून, म्हणून अमरावतीहून जीपने निघालो. गुरुकुंज मोझरीला इंगळे सरांनी जीप थांबवली. पोरं आत जाऊन राष्ट्रसंतांच्या समाधीपाशी बसली. मी बाहेर घड्याळाकडे बघत उभी होते. सर चपला हातात घेऊन माझ्यापाशी आले. त्या दिवशी अत्तर लावलं नव्हतं.

"मॅडम, खरं सांगा. पोरं कावून हरून राहिले?"

"सवयी मोडायला वेळ लागतो, सर."

"पण मोडाच्या कावून?"

मी पुन्हा घड्याळ बघितलं. ते दूर पोरांकडे बघत म्हणाले, "तो सुमेध मले काल म्हने, सर, कोर्टात गेलो का माह्ये पायच माह्ये नाई वाटत. मी कबड्डीवाला मानूस, मले हे समजत नाई. तुमाले समजते. म्हून इचारलं."

मला समजत होतंच. पण ते त्यांनी इतकं सरळ विचारलं, की उत्तर द्यायची इच्छाच गेली. मी म्हटलं, "गाडी चुकेल, सर."

स्पर्धेचे पहिले दोन सामने आमच्यापेक्षा कच्च्या संघांशी होते, ते निभावले. मग आला पदक ठरवणारा सामना. जिंकलो तर शेवटच्या चारांत, म्हणजे निदान कांस्य. हरलो तर परतीची गाडी, आणि माझ्या कोर्टात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एका सामन्यात तीन खेळाडू उतरतात. तिघांपैकी दोघांनी जिंकायचं.

अक्षय सुंदर खेळला आणि हरला. अकोल्याचा दुसरा पोरगा कसाबसा जिंकला. तिसरा सुमेध. काचेचं, एसीने थंडगार केलेलं कोर्ट. सुमेध एकदाही मधोमध उभा राहिला नाही. मागे, मागच्या भिंतीशी, मी शिकवलं तसा, वाट बघत. पण थंडीत बॉल जागाच होत नव्हता. भिंतीवर आदळून तिथेच खाली मरायचा. दोन गेम गेले. आणखी एक गेला की संपलं.

दोन गेमच्या मधे खेळाडूला क्षणभर बाहेर येता येतं. सुमेध घामाने निथळत बाहेर आला आणि इंगळे सरांकडे बघू लागला. सर मात्र माझ्याकडे वळले. माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "मॅडम, गाठ तुमी मारली हे. मी सोडली तं पोराले वाटन मॅडम चुकल्या. तुमीच सोडा." आणि मोठ्याने सुमेधला, "माह्याकडं काय पायतं बे? मॅडमले इचार. खेळ त्यायचा हे."

मुलांनो, त्या माणसाने मला रागवायची संधीसुद्धा दिली नाही. मोठेपणाही त्यानेच घेतला.

सुमेध माझ्यासमोर उभा. मला मागची भिंत, जागा घेणं, बॉलचं तापमान, सगळं आठवत होतं. यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "सुमेध, मागची भिंत विसर. मागे म्हैस आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचे दात दिसले. "राखनदाराची?"

"तीच. आज जास्त चिडली आहे."

"मंग तं सोपं हे मॅडम."

आत जाऊन तो मधोमध उभा राहिला. पहिलाच बॉल डोक्यावरून निघाला आणि त्याचं पाऊल धाडकन पुढे पडलं. आवाज काचेबाहेर ऐकू आला. त्यानंतर त्याने एकही बॉल मागे जाऊ दिला नाही. मारून मारून बॉल गरम झाला, उसळू लागला, आणि समोरचा मुलगा चेहरा वाकडा करून पंचांकडे बघू लागला, की ही कुठली पद्धत. इंगळे सर काचेला मिशी टेकवून ओरडत होते, "सोडू नोको बे! लाथ मारन ते!" आजूबाजूच्या लोकांना काही कळत नव्हतं. तिसरा गेम, चौथा, आणि पाचव्यात अगदी शेवटी, सुमेध जिंकला. मी पर्समधली कोर्टाची किल्ली इतकी घट्ट धरली होती, की तिचे दाते तळहातावर उमटले होते.

त्या वर्षी कांस्य. पुढची काही वर्षं आमचा संघ देशातल्या पहिल्या चारांत असायचाच, आणि एका वर्षी सुवर्णही आलं. मोठमोठ्या शहरांतले प्रशिक्षक विचारायचे, अमरावती-अकोला कुठे आहे?

कोर्ट वाचलं. प्राचार्यांनी उत्तरपत्रिकांसाठी जिन्याखालची जागा शोधली. वर्तमानपत्रात इंगळे सरांची मुलाखत आली: 'आमची म्हशीची पद्धत'. म्हैस त्यांची, मान्य. पण 'मागे म्हैस आहे' हे वाक्य माझं होतं, आणि त्या मुलाखतीत ते सरांच्या तोंडी छापलं होतं. मी तुमच्या आजोबांना पेपर दाखवला. ते म्हणाले, "वार्ताहराने चूक केली असेल." वार्ताहराने! अकोल्याच्या सत्काराला मला नारळ-शाल दिली. सर माइकवर म्हणाले, "मॅडमनं आमच्या पोरायले लय सहन केलं." टाळ्या पडल्या. मला 'शिकवलं' हा शब्द हवा होता. मला 'सहन केलं' मिळालं.

मग संघाचा फोटो मोठा करून कोर्टाच्या दारावर लावला गेला, माझ्या नियमांच्या वर. मधोमध इंगळे सर. निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्या मिशीला तोंड देऊन मी माझ्याच कोर्टाचं कुलूप उघडलं.

सुमेध आता नागपूरला सरकारी खात्यात आहे. दिवाळीला मला फोन करतो, "मॅडम, आशीर्वाद असू द्या." मी विचारते, "सरांना केलास का?" तो म्हणतो, "सकाळीच केला." मला दुपारी करतो.

आता ईशानसाठी शेवटची गोष्ट. परवा तुमच्या आईने तुझ्या शाळेच्या सामन्याचा व्हिडिओ पाठवला. मी चष्मा पुसून बसले. समोरच्याने बॉल उंच मागे टाकला. मला वाटलं, माझा नातू आता मागच्या भिंतीशी जाईल, थांबेल. तू एक पाऊल धाडकन पुढे टाकलंस, गुडघा जवळजवळ जमिनीला, आणि बॉल हवेतच उडवलास. मी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा लावला. तुझ्या त्या चकचकीत कोर्टाला मागे नीट भिंत आहे, आणि तू मात्र मागे म्हैस बांधल्यासारखा खेळत होतास.

मी लगेच फोन केला. "अनघा, हे त्याला कोणी शिकवलं?"

"मी."

"आणि तुला?"

 मग तुमची आई म्हणाली, "आई, शिबिरात तू ऑफिसात कागद करत बसायचीस ना, तेव्हा इंगळे सर आम्हाला शिकवायचे."

आम्हाला.

माझी मुलगी, माझं कोर्ट, मी दिलेली रॅकेट. आणि अकोल्याच्या गोदामातलं ते पाऊल समुद्रापलीकडे माझ्या नातवाच्या पायात गेलं, माझ्या घरातून गेलं, आणि मी शेजारच्या खोलीत रेल्वे सवलतीचे फॉर्म भरत होते.

इंगळे सर अजून आहेत, अकोल्यातच. रोज सकाळी मला फुलांचे फोटो पाठवतात. तुझा व्हिडिओ त्यांना पाठवावा असं तुमच्या आईचं म्हणणं. मी पाठवलेला नाही. पाठवला तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या अकोल्याला कळेल, की परदेशात त्यांचा एक पोरगा खेळतो.

ईशान, तुझं ते पाऊल चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण मोठा होशील तसा समोरचा हुशार होत जाईल आणि एखादा बॉल तुझ्या हाती न लागता मागे जाईलच. तेव्हा काय करायचं ते तुला येत नाही. ते व्हिडिओत मला स्पष्ट दिसलं. ते मला येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. नवीन संचालक माझ्या ओळखीचे आहेत, किल्ली मागून घेईन. पांढऱ्या तळव्याचे बूट आण. मीरालाही आण, तिचे पाय अजून कुणी बिघडवलेले नाहीत.

अकोल्याला मामाआजोबांना भेटायला आपण जाऊच. पण शेवटच्या दिवशी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

तुमची,
आजी